तुळस-पुदिन्याचे गुणधर्म तपासताय? पहिल्यांदा प्रकल्प करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी तुळशीच्या पानांचं तेल काढत होते. फ्लास्क तीन तास उकळायचा, वरच्या नळीत जमलेले चार थेंब जिवापाड जपून बाटलीत घ्यायचे आणि खाली उरलेलं काळ्या चहासारखं पाणी सिंकमध्ये ओतून फ्लास्क घासायला टाकायचा. महिनाभर हे चाललं. एक दिवस शेजारच्या टेबलावर काम करणारी पीएच.डी.ची ताई म्हणाली, "अगं, ते पाणी ओततेस कुठे? तुझा अर्धा प्रकल्प त्यात आहे."

तिचं म्हणणं मला तेव्हा धड कळलं नाही, पण पाणी ओतायचं थांबवलं. पुढे त्याच पाण्यात रोझमॅरिनिक आम्ल हे बिनवासाचं अँटिऑक्सिडंट द्रव्य सापडलं आणि अँटिऑक्सिडंट चाचणीत पाण्याचे आकडे तेलापेक्षा सरस आले. तुळस-पुदिन्याच्या कुळावर काम करताना नवखी माणसं अडखळतात ती इथेच. झाडाला वास आहे म्हणजे त्याचे सगळे गुण वासातच असणार, असं आपण धरून चालतो. मग तेलावर भलतीच चाचणी लावतो, अर्कावर दुसरीच, आणि आकडे जुळत नाहीत म्हणून रडत बसतो.

पुण्यात बी.एस्सी., एम.एस्सी., बी.फार्म. किंवा आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात असा छोटा प्रकल्प ज्यांच्या गळ्यात पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. काम चार-पाच महिन्यांचं आहे. माझे सात गेले.

१. आधी कूळ ओळखा

देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा. कडा लागल्या, म्हणजे देठ चौकोनी असला, पानं समोरासमोर जोडीने असली आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असली, तर तुम्ही बहुधा योग्य कुळात आहात. खात्री फुलावरून करायची: पाकळ्यांचे वरचा ओठ आणि खालचा ओठ असे दोन भाग दिसतात. म्हणूनच या कुळाचं जुनं नाव लॅबिएटी, म्हणजे ओठवाले. आताचं नाव लॅमिएसी. जगभरात त्याच्या सुमारे ७,००० जाती आहेत.

आपल्या ओळखीतले सदस्य: तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, मरवा, पाच, माईनमुळा, माळावरचा तुंबा. हल्ली नर्सऱ्यांत सहज मिळणारी रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, सेज हीसुद्धा यातलीच. सागवान आणि निर्गुडीही आता याच कुळात मोडतात. जुन्या पुस्तकांत ती व्हर्बिनेसीखाली सापडतील, तेव्हा लायब्ररीतलं पुस्तक आणि नेटवरची माहिती जुळली नाही तर घाबरू नका.

आता सापळा. दवणा या कुळातला नाही, तो सूर्यफुलाच्या कुळातला. पण फुलवालीकडे मरवा आणि दवणा एकाच ओल्या फडक्यावर शेजारीशेजारी पडलेले असतात आणि "मावशी, मरवा द्या" म्हटल्यावर दोन्हींची मिसळ हातात पडते. गवती चहा हे गवत, कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. ओवा आणि पानओवा यांचा घोळ तर घरोघरी आहे. ज्याच्या पानांची आपण भजी करतो तो पानओवा आपल्या कुळातला. मसाल्याच्या डब्यातला ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. वास सारखा येतो, कारण थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल ही जुळ्या भावांसारखी द्रव्यं दोन कुळांनी स्वतंत्रपणे बनवली आहेत. ओव्यात मुख्यतः थायमॉल, पानओव्यात बहुतेकदा कार्व्हॅक्रॉल.

२. "पुदिना" एवढं लिहून भागत नाही

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी ऐटीत लिहिलं होतं, "पुदिन्यातील मेंथॉलचे जिवाणूरोधक गुणधर्म". गाइडनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पुदिना कुठून आणणार?" म्हटलं, मंडईतून. "मग मेंथॉल कुठून आणणार?"

मंडईतला चटणीचा पुदिना बहुतेक वेळा मेंथा स्पिकाटा असतो. त्याच्या तेलात राज्य कार्व्होनचं, मेंथॉल नाममात्र. मेंथॉलवाला तो जपानी पुदिना, मेंथा आर्व्हेन्सिस. त्याची शेती उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर होते आणि त्याच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं. आपल्या बामच्या डबीत आणि गोळ्यांत जातं ते हे. दोन्ही पानं चुरगळून एकापाठोपाठ एक हुंगा, फरक नाकालाच कळतो: एक गोडसर, दुसरं सरळ डोक्यात जाणारं.

कार्व्होनची एक गंमत सांगते, व्हायवात उपयोगी पडेल. बाळंतशेपेतही कार्व्होनच असतो, पण त्याचा रेणू पुदिन्यातल्या रेणूची आरशातली प्रतिमा असतो. उजवा आणि डावा हात असावा तसा. अणू तेच, जोडणी तीच, तरी नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपू.

मेंथॉलचा गारवाही खरा गारवा नसतो. मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा टीआरपीएम-८ नावाचा ग्राही (रिसेप्टर) असतो, त्याला मेंथॉल चिकटतं आणि मेंदूला "थंडी आली" असा निरोप जातो. त्वचेचं तापमान खाली आलेलं नसतं. या ग्राहीच्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींवरील कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं.

तुळशीचंही तसंच. ओसिमम टेन्युइफ्लोरमच्या तेलात युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या वासाचं द्रव्य, पण काही झाडांत मिथाइल युजेनॉल वरचढ असतं. दिसायला झाड तेच, रसायन वेगळं. सब्जाच्या झाडात लिनालूल किंवा मिथाइल चॅव्हिकॉल, कापूर तुळशीत नावाप्रमाणे कापूर. शिवाय ऋतू, पानाचं वय, फुलोरा यांनी प्रमाण बदलतं. म्हणून पानं एकाच दिवशी, एकाच जागेवरून, एकाच अवस्थेतली तोडा आणि तारीख लिहून ठेवा. दोन वेगळ्या आठवड्यांतल्या जुड्या एकत्र केल्यात की नमुना बाद समजा.

३. प्रश्न ठरवा: तेल की अर्क?

प्रकल्पाचं शीर्षक लिहिण्याआधी एक काम करा. दहापट दाखवणारं साधं भिंग घ्या आणि पुदिन्याच्या पानाची खालची बाजू उजेडात धरा. सोनेरी, चमकदार टिपके दिसतील, जणू कुणी तेलाचा बारीक फवारा मारलाय. त्या ग्रंथी. झाडाचं सुगंधी तेल बहुतांशी त्यांच्यात साठलेलं असतं. पान नुसतं चोळलं तरी वास येतो तो त्या फुटतात म्हणून.

रोझमॅरिनिक आम्ल आणि ल्युटिओलिन, एपिजेनिनसारखे फ्लॅव्होनॉइड या ग्रंथींपुरते नसतात, ते पानाच्या पेशींत असतात. त्यांना वास नाही, ते वाफेबरोबर उडत नाहीत. पाण्यात किंवा पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये उतरतात. रोझमॅरिनिक आम्ल १९५८ मध्ये इटलीतल्या स्कार्पाती आणि ओरिएंते यांनी रोझमेरीतून पहिल्यांदा वेगळं केलं, म्हणून त्याला हे नाव. आपल्या कुळातल्या कितीतरी झाडांत ते आहे. अधलीमधली मंडळीही असतात: रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल, तुळशीतलं अर्सोलिक आम्ल. ती उडत नाहीत आणि पाण्यातही नीट विरघळत नाहीत, त्यांना अल्कोहोल किंवा इथाइल ॲसिटेट लागतं. रोझमेरीचा अर्क युरोपात खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून ई-३९२ या क्रमांकाने वापरायला परवानगी आहे, ती या कार्नोसिक मंडळींच्या जोरावर.

आता खरा मुद्दा. मेंथॉल, कार्व्होन, लिनालूल यांच्या रेणूत फिनॉलचा गट नाही, त्यामुळे डीपीपीएचसारख्या चाचणीत (यात एका जांभळ्या द्रव्याचा रंग किती उतरतो यावरून अँटिऑक्सिडंट क्षमता मोजतात) ते जवळजवळ गप्प बसतात. थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, युजेनॉल हे फिनॉल, ते बोलतात. म्हणजे पुदिन्याच्या तेलाने डीपीपीएचमध्ये काही दाखवलं नाही तर तुमचा हात चुकला असं नाही. चाचणीच त्याची नव्हती. त्याच पुदिन्याच्या पाण्याच्या अर्काला तीच चाचणी लावा, जांभळा रंग डोळ्यांदेखत उतरतो.

अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची असेल तर अर्क घ्या. जिवाणूंवर काम करायचं असेल तर पानओव्याचं किंवा थाइमचं तेल घ्या. दोन्ही करायचं असेल तर एकाच पानांतून आधी तेल काढा आणि उरलेलं पाणी जपा. मला आज पुन्हा प्रकल्प मिळाला तर मी हाच तिसरा मार्ग घेईन.

४. नमुना, ओळखपत्र आणि बाकीची कागदपत्रं

झाडाची अधिकृत ओळख पटवून घेतल्याशिवाय बाहेरचे परीक्षक पुढचं पान उलटत नाहीत. पुण्यात आपलं नशीब चांगलं आहे. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची आघारकर संशोधन संस्था आहे. दोन्हींकडे हर्बेरियम, म्हणजे वाळवून दाबलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. जाण्यापूर्वी फोन करून वेळ, शुल्क आणि अर्जाचा नमुना विचारून घ्या, हे तपशील बदलत असतात.

नमुना मात्र फुलासकट हवा. मी पहिल्यांदा पुदिन्याची मंडईतली जुडीच वर्तमानपत्रात दाबून नेली होती. फूल नाही, मूळ नाही, तोडल्याची जागा नाही. समोरच्यांनी शांतपणे पुडकं मिटवून परत दिलं. चूक माझीच होती. मग जुडीतले चार देठ पाण्यात ठेवले, मुळं फुटल्यावर कुंडीत लावले आणि फुलाची वाट बघत बसले. पुदिन्याला फुलायला उजेडाचे तास जास्त असलेले, मोठे दिवस लागतात, तेव्हा हे काम डिसेंबरात सुरू करू नका. तुळशीला मंजिऱ्या बहुतेक वेळ असतातच, त्यामुळे घाईत असाल तर तुळस निवडा.

दाबताना वर्तमानपत्राचे कागद रोज बदला. पानओव्याचं पान मांसल असतं, ते आठवडाभर ओलं राहतं आणि काळं पडतं. त्याचे कागद दिवसातून दोनदा बदला. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, तो ताजा असतानाच लिहून ठेवा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- गाइडची सही असलेलं विभागाचं पत्र, दोन प्रती
- नमुना चिठ्ठी: स्थानिक नाव, गोळा केल्याची जागा, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव
- ओळखीचं प्रमाणपत्र आणि नमुना क्रमांक (प्रबंधात हा छापावाच लागतो)
- जिवाणूंचे कल्चर मागवण्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर मागणीपत्र
- बाहेरच्या उपकरणांवर नमुना देणार असाल तर त्या सुविधेचा अर्ज आणि शुल्काची पावती
- शुद्ध इथेनॉलसाठी: कॉलेजकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आहे का, याची चौकशी

शेवटचं कुणी आधी सांगत नाही. प्रयोगशाळेतलं इथेनॉल दुकानातून उचलून आणता येत नाही. कॉलेजचा साठा संपलेला असेल तर तुमचं काम तिथेच थांबतं. पहिल्याच आठवड्यात लॅब असिस्टंट काकांना विचारून ठेवा. आणि टेकडीवरची किंवा जंगलातली झाडं उपटायला जाऊ नका, वनजमिनीवरून काही आणायचं तर आधी परवानगी लागते. कुंडीतली तुळस पुरे.

५. वाळवणं

सावलीत, हवेशीर जागी, एकेरी थरात, आठ-दहा दिवस. कडक उन्हात ठेवलंत तर तेल उडून जाईल. ओव्हन वापरायचाच असेल तर ४० अंशांच्या वर नेऊ नका. पावसाळ्यात पुण्यात पानं वाळत नाहीत, बुरशी धरतात. जुलैमध्ये माझी पाव किलो तुळस अशीच गेली, दोन दिवसांत पांढरी लव. पान बोटांत कुस्करल्यावर चुरचुर आवाज आला पाहिजे. नुसतं मऊ झालं असेल तर अजून ओलावा आहे.

मिक्सरमधून काढताना पाच-पाच सेकंद थांबत फिरवा, भांडं तापलं की वास जातो. तो वास म्हणजे तुमचा नमुना. तेल काढायचं असेल तर पूड करूच नका, पानं ताजी किंवा अख्खी वाळलेली घ्या.

६. तेल काढणं

लागणारी साधनं: दोन लिटरचा गोल बुडाचा फ्लास्क, हीटिंग मँटल, क्लेव्हेंजर उपकरण (वाफेबरोबर आलेलं तेल मोजनळीत जमवणारी काचेची नळी), कंडेन्सर, चिनी मातीचे तुकडे, पाणी नसलेलं सोडियम सल्फेट, गडद काचेच्या छोट्या बाटल्या.

साधारण ३०० ग्रॅम ताजी पानं, फ्लास्क निम्म्याच्या थोडा वर भरेल इतकं डिस्टिल्ड वॉटर, उकळी आल्यापासून तीन तास. चिनी मातीचे तुकडे विसरलात तर पाणी एकदम उसळतं आणि पानांचा रस थेट वरच्या नळीत जातो. माझ्या वेळी गेला. पूर्ण उपकरण उतरवून धुवावं लागलं.

तुळशीच्या ३०० ग्रॅम पानांतून एक मिलिलिटरही तेल हाती येत नाही, तेव्हा मोठी बाटली आणू नका. आणखी एक भानगड. युजेनॉल पाण्यापेक्षा जड असतं. ज्या तेलात ते भरपूर आहे, त्याचे थेंब नळीत वर तरंगायला तयार नसतात. मध्येच लोंबकळतात किंवा पाण्यात दुधासारखे मिसळतात. नवखा माणूस म्हणतो, तेल निघालंच नाही. अशा वेळी मोजनळीत आधीच थोडं हेक्झेन घातलं तर तेल त्यात उतरतं. जीसी-एमएसला (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला) देताना हे हेक्झेन घातल्याचं सांगायला मात्र विसरू नका.

कंडेन्सरला तीन तास वाहतं पाणी लागतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असल्याची बातमी पेपरात असते, ती बघून दिवस ठरवा. खरं तर नळाचं पाणी असं सोडून देणं मला नंतर बघवेना. बादलीत बर्फ आणि कूलरचा छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवलं, अगदी छान चाललं.

तेल सोडियम सल्फेटवर कोरडं करून गडद बाटलीत काठोकाठ भरा आणि फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. बाटलीत हवा राहिली की ऑक्सिडेशन होतं.

खालचं पाणी गाळा, थंड करा आणि त्याच दिवशी फ्रीजमध्ये टाका. बाहेर राहिलं तर आंबतं.

७. अर्क

पूड आणि सॉल्व्हंट १ ला १० प्रमाणात. रोझमॅरिनिक आम्ल हवं असेल तर ७० टक्के इथेनॉल छान काम करतं. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं बरं. २४ तास शेकरवर, मग व्हॉटमन क्रमांक १ ने गाळा. रोटरी इव्हॅपोरेटरचं पाणी ४० अंशांवर. उरलेल्या चिकट गोळ्याचं वजन करा, तेच तुमचं उत्पन्न. ते वजन न करता पुढे गेलेले तीन जण मला माहीत आहेत. त्यांना शेवटी मायक्रोग्रॅममध्ये काही लिहिताच आलं नाही.

बाटलीवर नाव बॉलपेनने किंवा साध्या मार्करने लिहू नका. अल्कोहोलचा एक थेंब ओघळला की नाव गेलं. पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून वर पारदर्शक टेप लावा.

८. डीपीपीएच आणि एकूण फिनॉल

डीपीपीएचचं द्रावण गडद जांभळं असतं. अँटिऑक्सिडंट भेटला की फिकं होत पिवळं पडतं, आणि ५१७ नॅनोमीटरला किती प्रकाश अडतो यावरून मोजणी होते. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलि मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच. साध्या तराजूवर चार मिलिग्रॅम तोलता येत नाहीत. चार दशांश स्थळांच्या तराजूवर दहापट मोजा आणि पातळ करा. द्रावण रोज ताजं, बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल. अर्क मिसळून अंधारात ३० मिनिटं, मग रीडिंग.

टक्केवारीचं गणित सोपं आहे: कंट्रोलमधून नमुना वजा, भागिले कंट्रोल, गुणिले १००. पण "१०० मायक्रोग्रॅमला ८२ टक्के" असा एकच आकडा देऊन थांबलात तर परीक्षक विचारतील, मग ५० ला किती? पाच-सहा तीव्रता घ्या, आलेख काढा, निम्मा रंग उतरवणारी तीव्रता काढा. तिला आयसी-५० म्हणतात. ती जितकी कमी तितका अर्क जोरदार. इथे बऱ्याच जणांचं उलटं होतं, मोठा आकडा म्हणजे चांगला असं वाटून निष्कर्षच उलटा लिहिला जातो. सोबत ॲस्कॉर्बिक आम्ल किंवा ट्रोलॉक्सची तुलना हवीच.

माझे पहिले आकडे ऋण आले होते. उणे चौदा टक्के! दोन दिवस मी डीपीपीएच खराब आहे, क्युव्हेट घाण आहे, यंत्र बिघडलंय असं सगळ्यांना दोष देत फिरले. कारण वेगळंच होतं. तुळशीचा अर्क हिरवट-तपकिरी, त्याचा स्वतःचा रंग रीडिंगमध्ये मिसळत होता. उपाय: प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएच न घालता फक्त अर्क आणि मिथेनॉलचं रीडिंग घ्या आणि ते वजा करा. तेलाच्या बाबतीत हाच घोळ गढूळपणामुळे होतो. द्रावण डोळ्यांसमोर धरून बघा, धूसर दिसलं तर यंत्रात घालूच नका.

एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक, सोडियम कार्बोनेट, ७६५ नॅनोमीटर, आणि गॅलिक आम्लाचा प्रमाणित आलेख. हा अभिकर्मक फक्त फिनॉल ओळखत नाही. साखर आणि ॲस्कॉर्बिक आम्लालाही निळा होतो. म्हणून निकाल "गॅलिक आम्ल समतुल्य" असा लिहायचा.

९. जिवाणूंची चाचणी

कल्चर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवता येतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय ही नेहमीची जोडी. मागणीपत्र वेळेत द्या, हातात पडेपर्यंत वेळ जातो. काम लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या, निर्जंतुक हवेच्या कपाटात), आणि वापरलेली प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाकायची.

सगळे आधी डिस्कची पद्धत करतात, कारण प्लेटवरच्या स्वच्छ वर्तुळांचे फोटो छान येतात. म्यूलर-हिंटन अगार ४ मिलिमीटर जाड, जिवाणूंचा गढूळपणा मॅकफर्लंड मापाने ०.५, म्हणजे मिलिमागे सुमारे १५ कोटी पेशी, ६ मिलिमीटरची डिस्क. करा, पण तेलासाठी त्यावर विसंबू नका. तेल पाणीदार अगारमध्ये पसरत नाही आणि ३७ अंशांवर रात्रभरात उडूनही जातं. वर्तुळ लहान आलं म्हणजे तेल कमजोर असं म्हणता येत नाही.

खरा आकडा एमआयसीचा, म्हणजे वाढ रोखणारी किमान तीव्रता. ९६ खळ्यांची प्लेट, दर खळ्यात तीव्रता निम्मी करत जायची, जिवाणू शेवटी मिलिमागे ५ लाख. तेल विरघळायला थोडं ट्वीन-८० किंवा डीएमएसओ, आणि ते एकटं घातलेलं कंट्रोल खळं. इथे दोन सापळे आहेत आणि मी दोन्हींत पडले.

पहिला: तेलाची वाफ शेजारच्या खळ्यात जाते. माझ्या प्लेटमध्ये तेल न घातलेल्या कंट्रोल खळ्यातही जिवाणू वाढले नाहीत, तेव्हा ट्यूब पेटली. दाट तेलाच्या खळ्यांशेजारी कंट्रोल ठेवू नका, मध्ये एक-दोन रांगा रिकाम्या सोडा आणि प्लेटला चिकटणारी फिल्म लावा.

दुसरा: रेझाझुरिन. जिवंत जिवाणू या निळ्या रंगाला गुलाबी करतात, म्हणून वाढ ओळखायला तो घालतात. पण अँटिऑक्सिडंट अर्क स्वतःच त्याला गुलाबी करू शकतो. जिवाणू नसलेलं, फक्त अर्क आणि रेझाझुरिनचं खळं ठेवलं नसेल तर तुम्हाला मेलेले जिवाणूही जिवंत दिसतील.

ई. कोलायवर परिणाम कमी आला तर नवल नाही. त्याला बाहेरून आणखी एक पडदा असतो. पानओव्याचं तेल मात्र दोघांनाही सोडत नाही. कार्व्हॅक्रॉल पेशीच्या पडद्यातच घुसून त्याला गळका करतो.

१०. जीसी-एमएसचा कागद हातात आल्यावर

यंत्रासोबतची लायब्ररी प्रत्येक शिखराला एक नाव चिकटवून देते. ते नाव म्हणजे निकाल नव्हे. टर्पीनांचे (सुगंधी तेलातल्या मुख्य द्रव्यांचे) वर्णपट सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, त्यामुळे सरळ साखळीच्या अल्केनांचं मिश्रणही यंत्रात घालून रिटेन्शन इंडेक्स (घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो याचा प्रमाणित आकडा) काढायला सांगा आणि दोन्ही जुळले तरच नाव लिहा. यादीत सिलोक्झेन दिसले तर ते कॉलममधून झिरपलेले असतात, थॅलेट दिसले तर प्लास्टिकच्या नळीतून. छापून आलेल्या लेखांतही ही मंडळी "वनस्पतीतील औषधी घटक" म्हणून मिरवताना मी पाहिली आहेत. रोझमॅरिनिक आम्ल या कागदावर शोधू नका, ते उडत नाही. त्याला एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करणारं यंत्र) आणि साधारण ३३० नॅनोमीटर लागतात.

११. लिहिताना, आणि घरी विचारतात तेव्हा

प्रबंधात "तुळस मधुमेह बरा करते" असलं काही आलं तर गाइड लाल पेन काढतील, आणि काढलाच पाहिजे. तुम्ही काचेच्या नळीत एक रंग उतरवला आहे. "या अर्काने या तीव्रतेला डीपीपीएचचा इतका रंग उतरवला" इथपर्यंत तुमचा हक्क. पोटात गेल्यावर त्यातलं किती रक्तात उतरतं, यकृत त्याचं काय करतं, हा वेगळा अभ्यास आहे.

घरची मंडळी मात्र विचारणारच. माझ्या आत्याने बाटली उघडून जिभेवर थेंब घ्यायची तयारी केली होती, हातातून काढून घ्यावी लागली. निव्वळ तेल म्हणजे शेकडो पानांचा ऐवज. कार्व्हॅक्रॉल आणि युजेनॉल तोंडाची आतली त्वचा भाजतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल लावणं तर धोक्याचं, श्वास अडखळू शकतो. भजीतला पानओवा आणि चहातली तुळस यांना यातलं काही लागू नाही, ती खुशाल खा-प्या.

व्हायवाला जाताना हर्बेरियमचा नमुना क्रमांक, वजनांची वही आणि सगळे कंट्रोल असलेली एक प्लेटची शीट सोबत ठेवा. मला पहिला प्रश्न आला तो तेलाबद्दल नव्हताच. "फ्लास्कमधल्या पाण्याचं काय केलंत?"